बंद दार आणि ऐंशीची अट

८ फेब्रुवारी २०२४, गुरुवार, संध्याकाळचे साडेसात. याच क्षणी जगभरच्या समीक्षकांवरचे बंधन उठणार होते आणि आमच्या व्हिडिओ गेमची परीक्षणे एकदम प्रसिद्ध होणार होती. लालबागमध्ये एका जुन्या गिरणीच्या आवारात आमचे ऑफिस आहे. खेळणारे कुठे अडतात, कुठे कंटाळतात याचे मोजमाप करणे हे माझे काम. त्या महिन्यापुरते मात्र ते परीक्षणांतले गुण तक्त्यात भरून सरासरी काढण्याएवढेच उरले होते. भौतिकशास्त्रातली पदव्युत्तर पदवी घेऊन मी बेरीज आणि भागाकार करत होते, आणि त्या भागाकारावर आमच्या साऱ्या चमूचे पुढचे काम अवलंबून होते.

मूळ गेम एका परदेशी कंपनीचा. आडोशाने, सावलीतून, पहारेकऱ्यांच्या नजरा चुकवत पुढे सरकायचे, असा त्याचा प्रकार. त्याची स्वतंत्र पुरवणी, म्हणजे मूळ गेम विकत न घेताही खेळता येईल असा छोटा गेम, आम्हाला करायला मिळाला होता. अट एकच: महिनाअखेर सरासरी शंभरात ऐंशी भरली तर पुढचा गेम आमच्या स्वतःच्या कल्पनेचा. नाही तर पूर्वीप्रमाणे दुसऱ्यांच्या गेमसाठी भिंती आणि खिडक्या घडवत बसायचे. त्या कामाचा शीण आमच्या सगळ्यांच्या खांद्यांत मुरला होता.

सुरुवातीचे आकडे बरे आले. पंच्याऐंशी, ऐंशी, पुन्हा पंच्याऐंशी. मग पासष्ट आला आणि त्याच्यामागून तशाच तक्रारीचे आणखी काही. सर्वांची तक्रार दाराची होती.

मूळ गेममध्ये आत शिरल्यावर दार लावून घेणे ही सर्वांत सुरक्षित चाल. आमचा गेम गिरणगावातल्या चाळीत घडतो. तिथे भरदिवसा खोलीचे दार लावले की पलीकडची बाई येऊन कडी वाजवते, मागोमाग दोन खोल्या सोडून राहणारे काका येतात, गॅलरीत माणसे जमतात आणि नायिका पकडली जाते. समीक्षकांनी याला प्रोग्राममधला दोष ठरवले. एकाने तर सहानुभूतीने लिहिले होते की घाईत राहून गेले असावे.

चाळीचा हा भाग रचणारा आमचा डिझायनर नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेला. ते परीक्षण मी त्याला वाचून दाखवले.

“दिवसाढवळ्या दार लावून बसलं तर शेजारी विचारणारच ना,” तो म्हणाला. “एक तर घरात भांडण आहे, नाही तर कोणीतरी गेलंय. ह्यात सांगायचं काय?”

“सांगायला हवं होतं, रे.”

“तुझ्या चाचणीत कोणी विचारलं?”

कोणी विचारले नव्हते. चाचणीसाठी आलेली मुले-मुली लालबाग, परळ, गिरगावातली. त्यांच्यापैकी एकानेही दार लावले नव्हते. उघड्या दारामागे, वाळत घातलेल्या साड्यांआड, पाण्याच्या पिंपामागे ती इतकी सहज लपली की माझ्या नोंदींत हा भाग सर्वांत सोपा ठरला होता. आकडे अचूक होते. एवढेच की ते चाळ माहीत असलेल्यांचे होते.

रविवारी दादरला आईकडे गेले. ती निवृत्त शिक्षिका; बोर्डाच्या उत्तरपत्रिका तिने वर्षानुवर्षे तपासल्या आहेत. तिला व्हिडिओ गेममधले काही कळत नाही, पण ‘स्वतंत्र पुरवणी’ या शब्दावर तिने भाजी निवडता निवडता मान वर केली.

“अगं, सुटी पुरवणी आली तर आम्ही ती बाजूला ठेवायचो. मूळ उत्तरपत्रिका सापडेपर्यंत तिला हात लावत नसू. तुमची मंडळीही तेच करतायत.”

तेच होत होते. निम्मी परीक्षणे आमचा गेम मूळ गेमला दोऱ्याने बांधून तपासत होती: तिथे अमुक चालते, इथे का चालत नाही. उरलेली म्हणत होती की आकाराने लहान आहे. पुरवणी आहे म्हटल्यावर तो आक्षेप मला तर्काला धरून वाटला नाही, पण गुण कापले गेलेच.

सोमवारी मी डिझायनरला म्हटले की पहिल्याच दृश्यात एक वाक्य घालू. त्याला ते विनोद सांगून वर त्याचा अर्थ समजावण्यासारखे वाटत होते. दुपारभर आम्ही शब्दांवरून वाद घातला, त्यात दोघांचाही चहा निवला. शेवटी शेजारणीच्या तोंडी त्याने लिहिले: “दिवसा दार लावू नको गं, लोक चौकशीला येतील.” वाक्य उत्तम होते. आठवडाभरात ते सुधारित आवृत्तीत गेले. खेळणाऱ्यांच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या.

समीक्षक मात्र परत येत नाहीत. ते पुढच्या गेमकडे वळलेले असतात. मी बारा जणांना पत्रे लिहिली, नम्र आणि मुद्देसूद. दोघांची उत्तरे आली. एकीने कळवले की तिच्याकडे फेरतपासणीची पद्धत नाही. दुसऱ्याने पुन्हा खेळून नवा परिच्छेद जोडला: बंद दाराचा संशय येणारी वस्ती आपण प्रथमच पाहिली, या गेममधली सर्वांत ताजी कल्पना तीच. त्याने पासष्टाचे नव्वद केले. डिझायनरने तो परिच्छेद दोनदा वाचला आणि विचारले, “ह्याने भरेल का?”

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, कंपनीचा फोन यायच्या आधी, मी तक्ता अखेरचा मोजला. चमू माझ्या टेबलाभोवती उभा होता. डिझायनर खुर्चीमागून वाकला. मी तक्त्याच्या शेवटच्या चौकटीवर बोट ठेवले: ७८.