गोपिकाबाईंचा दाणा

गोपिकाबाईंचा विषय निघाला, की त्यांची मैत्रीण जयवंता आजही आधी हसते आणि मग चष्मा पुसत बसते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत दोघी एकाच टेबलावर सूक्ष्मदर्शक लावून बसायच्या आणि ओल्या कुंचल्याच्या टोकानं ओढ्यांच्या वाळूतले गार्नेट खनिजाचे जांभळे दाणे टिपायच्या. त्यात क्रोमियम भरपूर आणि कॅल्शियम कमी निघालं, तर हिऱ्यांचा खडक जवळपास असायची आशा, असं प्रयोगशाळेचे प्रमुख मधुसूदन साहेब सांगत. वर्षं लोटली, तरी तसा एकही दाणा निघाला नाही. पण महाल भागातून पायी येणाऱ्या गोपिकाबाईंचा उत्साह कसला आटतो! डबा उघडतानाही त्यांचं तेच, "आज भेटते पाहाय."

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. विधवा बाई, या नोकरीवरच घर चालायचं. "कोनाले सांगू नको वं," एवढंच त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्या चकाकेल तो दाणा उचलायच्या आणि जयवंता गुपचूप त्यातले जांभळे ठेवून बाकीचे काढून टाकायची.

एकदा जयवंता तापानं घरी राहिली आणि गोपिकाबाईंच्या दाण्यांची पुडी न निवडताच तपासणीला गेली. आता गुपित फुटणार, हे जयवंतानं धरूनच ठेवलं. अहवाल आला तो मात्र भलताच. त्याच पुडीतल्या एका दाण्यात साहेबांना हवं ते प्रमाण सापडलं होतं. आणि दाणा होता राखाडी! जयवंतानं तो डोळे झाकून फेकला असता.

साहेबांनी तो कौतुकानं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. "या गोपिकाबाई, तुमचा दाणा बघा."

त्या वाकल्या, बराच वेळ वाकूनच राहिल्या. मग पदर सावरत म्हणाल्या, "कसा जांभळा शोभून राहिला, साहेब."

जयवंतानं मान खाली घातली. संपलं सगळं, असं तिला वाटलं. साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं.

"हो, जांभळाच आहे," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "धंतोलीत माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. डोळे दाखवून या. तुमची खुर्ची कुठे जात नाही."

साहेब बाहेर गेल्यावर गोपिकाबाईंनी चाचपडत जयवंताचा हात धरला.

"खरा रंग कोनता हाय वं त्याचा? सांग ना मले."