सुमन धावायची ते बूट

सुमन मैदानात पडली हे सांगायला दूधकेंद्रावरची बाई आली, तेव्हा मी कणीक तशीच टाकून धावत सुटले. गल्लीच्या तोंडाशी वाणी दुकान उघडत होता. हसून म्हणाला, "काय आजी, तुम्हीपण सुरू केलंत?" मी थांबले नाही. चाळीतलं एकही माणूस माझ्यामागे आलं नाही...

सुमन माझी धाकटी जाऊ. घाटकोपरच्या एका खोलीत आम्ही तीस वर्षं एकाच स्टोव्हवर रांधलं. सासूला साखरेचा आजार होता. पाय कापावा लागला, मग आठ वर्षं अंथरुणावर. तिचं सगळं आम्ही दोघींनी आळीपाळीने काढलं, आणि खरं सांगायचं तर माझ्या पाळीला मी शिव्या देत काढलं. ती गेली, पुढे नवऱ्यांच्या गिरण्या बंद पडल्या, आणि त्याच वर्षी सुमनच्या लघवीत साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, घाम येईपर्यंत चालत जा. चालून हिला घाम येईना. म्हणून पन्नाशी उलटलेली बाई धावायला लागली.

पहिल्या दिवशी दुधाच्या रिकाम्या बाटल्या पिशवीत घेऊन पहाटे निघाली ती धावतच. आमच्याकडे बाई धावली म्हणजे कोणीतरी गेलं, नाहीतर पोर हरवलं. बाटल्यांचा खणखणाट ऐकून समोरची मालवणी म्हातारी ओरडली, "कोण गेला गो? कोण गेला?" झालं, अर्धी चाळ हिच्या मागे. कोणी टॉवेलवर, कोणाच्या तोंडात मशेरी. माझे यजमान सकाळीच बाहेर पडले होते, तेच कुठे पडले असं धरून मीही निघाले. मैदानापाशी सुमनने मागे वळून पाहिलं. एवढी माणसं बघून तीच घाबरली. म्हणाली, "वैनी, काय झालं? कोण गेलं?"

मी तिला सगळ्यांसमोर झापलं. घरी आल्यावर ती शांतपणे म्हणाली, "आईंचं करावं लागलं तसं माझं कोणाला करावं लागायला नको. तुम्हाला तर करू देणारच नाही. तुम्ही शिव्या फार देता."

मग ती रोज धावली. बाटल्या केंद्रावरच्या बाईकडे ठेवायची, पदर खोचायची आणि मैदानाला फेऱ्या घालायची. पायात मुलाचे शाळेचे कॅनव्हासचे बूट. करंगळी दुखायची म्हणून तिथे कात्रीने भोक पाडलेलं. रविवारी ते खडूने पांढरे करून खिडकीत वाळत ठेवायची. लोक आधी हसले, मग त्यांना सवय झाली. दाराशी नाडी बांधताना रोज विचारायची, "वैनी, येताय?" मी म्हणायची, "तू पडलीस की येईन उचलायला."

त्या दिवशीही तिने विचारलं, आणि मीही तेच म्हटलं.

मी पोचले तेव्हा ती भिंतीशी आडवी होती. कोणीतरी तोंडावर पाणी मारलं होतं. त्याचा काही उपयोग नव्हता. बोलले होते तसं उचलायला मात्र गेले.

भेटायला येणाऱ्या बायका म्हणतात, या वयात धावू नये, झालं ना शेवटी? होऊ दे. मी आठ वर्षं अंथरूण बघितलंय, त्यांनी बघितलं नाही. सुमन एक दिवस अंथरुणावर पडली नाही. तिला जे नको होतं ते तिने होऊ दिलं नाही. माझंच मन कधी कधी म्हणतं, चार दिवस तरी करू द्यायचं होतंस, बये... शिव्या दिल्या नसत्या. पण ते तिने ठरवलं होतं, आणि तिचं बरोबर होतं.

दुधाला आता मी जाते. चालत. बूट खिडकीतच आहेत. परवाच्या रविवारी मी त्यांना खडू लावला. सुमनचा मुलगा म्हणाला, "काकू, कशाला? कोण घालणार आहे?"

मला ते होत नाहीत. घालून बघितले.