आमचे रीतसर व्याही

परक्या देशातल्या चालीरीतींचा मान राखण्याच्या बाबतीत माझ्या अमेरिकन व्याह्यांइतका कर्तव्यकठोर माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा झाला नसेल, आणि झालाच असेल तर तो कुठल्या तरी यजमानांच्या हातून मारला गेला असेल. ओहायोतल्या एका लहानशा गावात त्यांनी आयुष्यभर घरोघरी टपाल वाटलं. निवृत्त झाले, पत्नी वारली, आणि साठी उलटून गेल्यावर पहिल्यांदा पासपोर्ट काढून हा माणूस सुट्टीला आला कुठे, तर इथे कतारला. तेही ऑक्टोबरात, अजून गाडीचं दार उघडताना हाताला चटका बसतो त्या दिवसांत, चांगले दोन आठवडे. येताना आखाती शिष्टाचारांवरचं एक जाडजूड पुस्तक विमानतळावर विकत घेतलं आणि दोह्याला उतरेपर्यंत ते पाठ केलं. त्या पुस्तकाचा लेखक मला कधी भेटला तर मी त्याला घरी जेवायला बोलावणार आहे आणि आमच्या सुलभाला त्याच्या समोर बसवणार आहे.

सुलभा म्हणजे माझी बायको. आम्ही मूळचे नाशिकचे. एकोणीस वर्षं झाली, दोह्याच्या मुऐदर भागातल्या एका व्हिलाचे मालकाने जे पाच तुकडे केले आहेत त्यातल्या एका तुकड्यात राहतो. आमची एकुलती एक सई इथेच वाढली, शिकायला अमेरिकेत गेली आणि तिथेच या टपालवाल्या गृहस्थांच्या मुलाशी तिने लग्न केलं. आमचा व्हिसा वेळेवर आला नाही, त्यामुळे पोटच्या पोरीचं लग्न आम्ही प्रेशर कुकरला टेकवून ठेवलेल्या फोनवर पाहिलं. त्याला आता वर्ष झालं. रोज फोन होतो, आणि रोज सई तिच्या इंग्रजीत सांगते, ‘आय ॲम फाइन, आई.’ यावर सुलभाचा काडीचा विश्वास नाही. ‘फाइन तर ती डेंग्यू झाला होता तेव्हाही होती,’ असं तिचं म्हणणं. तेव्हा व्याही येणार म्हटल्यावर तिला हवं होतं ते एवढंच: सईला रोज डोळ्यांनी बघणाऱ्या माणसाच्या तोंडून पोरगी कशी आहे ते ऐकायचं. बाकीचा मानपान, आहेर, पुरणपोळ्या हा सगळा त्या एका वाक्यासाठी मांडलेला खटाटोप होता.

पहिला घोटाळा दारातच झाला. सुलभा नऊवारी नाही तरी पैठणी नेसून ओवाळायला उभी होती. व्याह्यांनी तिच्याकडे न बघता छातीवर हात ठेवला आणि माझ्याशी, मग माझ्या कोट्टायमच्या ख्रिस्ती शेजाऱ्याशी, अस्खलित सलाम-आलेकुम केलं. कुंकू लावायला सुलभाने हात पुढे केला तसे ते एक पाऊल मागे सरले. तिने आणखी पुढे केला, ते आणखी मागे सरले. परस्त्रीचा स्पर्श टाळावा, असं पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात होतं म्हणे. अशा रीतीने मागे मागे जात ते चपलांच्या रॅकवर बसले आणि रॅकनेही त्यांचा मान राखून अंग टाकलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सकाळी भेटताच माझी प्रकृती, माझ्या वडिलांची प्रकृती आणि माझ्या भावाची प्रकृती, अशी ओळीने चौकशी सुरू केली. वडील जाऊन अकरा वर्षं झाली असं सांगितल्यावर त्यांनी खाली मान घालून शोक व्यक्त केला. तिसऱ्या दिवसापासून फक्त भावाची चौकशी होऊ लागली. मी स्वतः त्या भावाची इतकी विचारपूस कधी केलेली नाही.

टपालवाला तो, चालल्याशिवाय त्याला चैन कसं पडणार? दोह्यात कुणी चालत नाही. चालणारा माणूस दिसला की त्याची गाडी तरी बंद पडली असेल किंवा डोकं तरी, असं लोक धरून चालतात. व्याही फुल शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून पहाटे निघत आणि एका फेरीत निदान तीन परोपकारी ड्रायव्हरांना नाही म्हणून परत येत. शेजारच्या शाळेच्या नेपाळी वॉचमनने तर एक दिवस रस्त्यात खुर्ची आणून दिली. कोपऱ्यावरच्या करक चहाच्या टपरीपुढे लोक गाडीतूनच हॉर्न वाजवतात आणि मलबारी मालक कपात ते कडक दुधाळ चहाचं पाणी आणून काचेतून देतो. हॉर्न वाजवणं असभ्य म्हणून व्याही दुकानाच्या दाराशी रांग लावून उभे राहिले. रांगेत ते एकटेच. अर्धा तास मालक त्यांच्या डावीउजवीकडून गाड्यांकडे धावत राहिला, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. घरी येऊन त्यांनी वहीत लिहिलं की या देशात चहा प्यायला गाडी लागते. खरं सांगायचं तर हे त्यांचं निरीक्षण बिनचूक होतं.

वही हा स्वतंत्र विषय आहे. आमचा एसी गळत होता. दुरुस्तीवाला ‘उद्या सकाळी, इन्शाल्ला’ म्हणाला. एकोणीस वर्षांच्या अनुभवाने आम्ही ते ‘आता काही मी येत नाही’ असं ऐकलं. व्याह्यांनी मात्र देवाचं नाव घेऊन दिलेला शब्द म्हणून तो वेळेसकट टिपून ठेवला आणि सकाळी सात वाजता दाढी करून, बूट घालून दिवाणखान्यात येऊन बसले. दुपारपर्यंत बसले. मग अस्सल स्थानिक माणूस भेटावा म्हणून मी त्यांना शहराच्या मध्यावरच्या मुशैरिब भागात घेऊन गेलो. तिथे कॉफी फिलिपिनो बाईने दिली, रस्ता केनियाच्या गार्डने दाखवला, फोटो बांगलादेशी सफाई कामगाराने काढला. प्रत्येकाला ते कतारी शिष्टाचाराने वागवत आणि प्रत्येक जण त्यांच्या तब्येतीच्या काळजीने माझ्याकडे बघे.

जेवणाच्या बाबतीत पुस्तकाने आमचा सूड घेतला. पहिल्या दोन वेळा नको म्हणावं, तिसऱ्यांदा स्वीकारावं, असा नियम. आखातात तो तीनवर संपत असेल. मराठी आग्रहाला आकडा नसतो. व्याही दोनदा नको म्हणत, तिसऱ्यांदा हो म्हणत, पोळी पानात पडे आणि सुलभा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. पहिल्याच दिवशी सात पुरणपोळ्या तुपासकट गेल्या. चेहरा लाल, कपाळावर घाम, पण तोंडातून चकार शब्द नाही. चांगलं झालंय नाही, गोड आहे नाही, निदान पुरे तरी? तेही नाही. घराचं कौतुक नाही, पैठणीचं नाही. भिंतीवर सईचा शाळेच्या गणवेशातला फोटो आहे. त्याच्यापुढे ते बराच वेळ थांबले, खाकरले आणि शेजारच्या स्विचबोर्डाकडे बघू लागले. सुलभाने धीर करून आपल्या इंग्रजीत विचारलं, सई बरी आहे ना, घरात नीट वागते ना? त्यावर ते उठून उभे राहिले, देवाच्या कृपेने सर्व कुशल आहे म्हणाले आणि माझ्याकडे वळून माझ्या भावाचं कसं काय ते विचारू लागले.

सुलभा त्या रात्री जेवली नाही. ‘बारा महिने पोरगी त्यांच्या घरात आहे. एक शब्द नाही निघत हो त्यांच्या तोंडून. काय समजायचं मी?’ एवढंच म्हणाली. मलाही आतून धडकी भरली होती, पण नवऱ्याने धडकी भरल्याचं सांगायचं नसतं म्हणून मी अमेरिकन लोक मितभाषी असतात असं काहीतरी पुटपुटलो, जे सरसकट खोटं आहे. दुसऱ्या दिवशी व्याह्यांच्या पानात शिळी आमटी पडली. आमच्या घरात व्याह्यांना शिळी आमटी म्हणजे राजनैतिक संबंध तोडल्याची घोषणाच. त्यांनी तीही दोनदा नाकारून तिसऱ्यांदा घेतली.

जायला तीन दिवस उरले तेव्हा मी त्यांना रुवैसला नेलं. उत्तर टोकाच्या त्या कोळ्यांच्या गावात माझ्या कामातून ओळख झालेले एक निवृत्त कतारी अधिकारी राहतात, त्यांना सगळे अबू खालिद म्हणतात. अखेर अस्सल स्थानिक माणूस! व्याह्यांनी गाडीत दोनदा पुस्तक चाळलं. बैठकीत पाय दुमडून, तळवे कुणाला दिसणार नाहीत असे बसले, कॉफीचा कप उजव्या हाताने घेतला, नको झाल्यावर नियमाप्रमाणे हलवून परत दिला. अबू खालिद समोरच्या सोफ्यावर दोन्ही तळवे आमच्याकडे करून आरामात पसरले होते. ते सहा वर्षं टेक्सासमध्ये शिकलेले. त्यांनी आधी फुटबॉलची चौकशी केली आणि मग सरळ विचारलं, सून कशी आहे? व्याह्यांनी माझ्याकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले की बापासमोर त्याच्या मुलीविषयी बोलू नये, आणि यजमानाच्या कुठल्याही गोष्टीचं कौतुक करू नये, केलं तर त्याला ती देऊन टाकावी लागते, असं त्यांनी वाचलंय.

अबू खालिद डोक्यावरचा रुमाल घसरेपर्यंत हसले. हसून झाल्यावर मात्र गंभीरपणे म्हणाले, ‘ते परक्यांसाठी. तुमचं आता एक घर आहे. या माणसाला त्याच्या मुलीबद्दल तुम्ही नाही सांगणार तर कोण सांगणार?’

परतीच्या वाटेवर व्याह्यांनी तोंड उघडलं तसं मी त्यांना थांबवलं. म्हटलं, मला नको, जिला हवंय तिला सांगा. घरी सुलभा स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. हे उंबऱ्याशी उभे राहिले, बसू का विचारलं आणि जमिनीवर बसून तिच्याबरोबर मेथी निवडायला लागले. देठांसकट. पुढचा तासभर तो माणूस बोलत होता. सई दर शनिवारी त्यांच्यापाशी येऊन बसते. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोजते आणि चुकल्या की भांडते. बायको गेल्यापासून बंद पडलेली तिची बाग सईने पुन्हा उभी केली, त्यात कोथिंबीर लावली. गावात सगळे तिला ओळखतात. पुरणपोळी ती करते, पण तुमच्यासारखी होत नाही, असंही सांगून टाकलं. सुलभाचे हात कधीच थांबले होते. तिने विचारलं, ‘खूश आहे ना ती?’

‘बहुतेक दिवस,’ ते म्हणाले. मग खोटं बोलायचं नाही असं ठरवल्यासारखे पुढे म्हणाले, ‘शुक्रवारी सकाळी रडते. दर शुक्रवारी नाही. पण रडते. का, ते तिला सांगता येत नाही. म्हणून मी बघायला आलो. इथे शुक्रवारी सकाळी काय असतं?’

सुट्टीचा वार, दुसरं काय असणार? खास असं काहीच आठवेना. शेवटी परवाच शुक्रवार आहे, बघा काय असतं ते, असं ठरलं. आणि शुक्रवारी खरोखर काहीच नव्हतं. मी उशिरा उठलो. फोनवर नाशिकच्या बातम्या मोठ्याने वाचल्या, त्या कुणी ऐकल्या नाहीत. थालीपिठं झाली. रस्ता सामसूम होता. मशिदीतून प्रवचन सुरू व्हायच्या सुमारास सुलभा सवयीने दारापुढच्या पायरीवर जाऊन बसली आणि बसल्यावर तिच्या लक्षात आलं. खालच्या पायरीवर सई बसायची, आईच्या गुडघ्यांत पाठ टेकवून. सुलभा तिच्या डोक्याला कोमट खोबरेल लावायची आणि आठवडाभराची बोलणी पोरगी त्या अर्ध्या तासात खायची. ‘एवढंच,’ सुलभा म्हणाली. ‘बाकी काही नाही.’

व्याही म्हणाले, ‘मला शिकवाल?’

सासऱ्याने सुनेच्या डोक्याला तेल लावायचं! आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नसेल. सुलभाने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता आमटी पुन्हा शिळी होणार. पण ती आत गेली आणि वाटी घेऊन आली. डोकं माझं वापरायचं ठरलं. त्यावर केस फारसे नाहीत, पण शिकाऊ माणसाला मैदान मोकळं असलेलं बरं. व्याह्यांनी चौदा दिवसांत पहिल्यांदा बाह्या वर केल्या आणि पाकिटांवर शिक्के मारावेत तसं माझं टाळकं बडवायला सुरुवात केली. सुलभाने त्यांचा हात धरून, हो, चक्क हात धरून, बोटांच्या पेरांनी कसं जिरवायचं ते दाखवलं. मधून मधून बोलायचंही असतं, तिने सांगितलं. काय बोलायचं? रागवायचं. केसांची रया घालवलीस, वेळेवर जेवत नाहीस, उन्हातून हिंडतेस, काहीही. ते त्यांनी मन लावून ऐकलं. निघताना बॅगेत खोबरेलाची मोठी बाटली तीन पिशव्यांत गुंडाळून गेली.

पुढच्या शुक्रवारी आमच्याकडे संध्याकाळचे पाच वाजले असतील, तिकडे सकाळ. फोन वाजला. पडद्यावर त्यांच्या घराच्या मागच्या पायऱ्या, खाली सई आणि वर आमचे व्याही, बाह्या कोपरापर्यंत. सईच्या कपाळावरून तेल ओघळत होतं. ‘आई, ही इज यूझिंग द होल बॉटल,’ ती म्हणाली. व्याही आपल्या इंग्रजीत तिला वेळेवर न जेवण्याबद्दल रागावत होते आणि तिने डोळे मिटून घेतले होते. सुलभाने फोन डोळ्यांजवळ धरून कानामागे राहिल्याचं सांगितलं, त्यांनी तिथे लावलं.

फोन बंद झाल्यावर सुलभा म्हणाली, ‘रडली नाही आज.’ मी म्हटलं, नाही. ‘आता तिकडची झाली ती,’ ती म्हणाली. एवढं सगळं चांगलं झालं होतं, तरी त्या दिवशीचा चहा आम्ही दोघांनी दारापुढच्या पायरीवर बसून घेतला, खालची पायरी मोकळी ठेवून.