चांगदेव पाणीवाल्याचं शेवाळ

निमगाव सावाच्या पाण्याच्या टाकीवर तीस वर्षं काम केलेल्या चांगदेवचं शेवाळाशी हाडवैर. काथ्याने घासून, क्लोरीनची टीसीएल पावडर मारून त्याने गावच्या पाण्यात ते कधी धरू दिलं नाही. पावडरीने सदऱ्यांच्या बाह्यासुद्धा पांढऱ्या पडलेल्या. असा हा गडी, २००६ साली जावई आदेश पेठ गावाहून नागपूरला बदलीवर निघाला आणि नात श्रेयाने आपला फिश टँक आजोबांकडे सांभाळायला आणला, तेव्हा चाटच पडला. मासे नव्हतेच. तळाशी लिंबाएवढा हिरवा गोळा.

"आगं, हे तर शेवाळ हाय!"

"मॉस बॉल आहे, आजोबा. पाळायचा असतो."

"शेवाळ पाळायचं? डोकं ठिकाणावर हाय का तुझ्या बापाचं?"

श्रेया रडवेली झाली. "मासे सगळे मेले. हा एकटाच उरलाय. सांभाळाल ना?"

नऊ वर्षांच्या पोरीला नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. त्याने शब्द दिला.

आणि काय सांगावं, या पठ्ठ्याला गोळ्याचा लळा लागला! ऊन लागू नये म्हणून त्याने ती काचेची पेटी आतल्या भिंतीला सरकवली. पंधरवड्याला पाणी बदलायचा, तेही थेट नळाचं नव्हे. पावडर उडून जावी म्हणून दोन दिवस बादलीत उघडं ठेवलेलं. गोळा तळहातावर घेऊन हलकेच दाबायचा आणि पुन्हा सोडायचा.

"पोटच्या पोरीला कदी अशी आंगूळ घातली न्हाई तुमी," बायको ठकूबाई म्हणायची.

चैत्रात यात्रा आली. श्रेयाही येणार होती. गावात पाहुणे लोटणार म्हणून चांगदेवने दरवर्षीसारखी आदल्या दुपारी टाकीत दुप्पट पावडर टाकली. संध्याकाळी घरी येतो तर बादली रिकामी, ठकूबाईने त्या पाण्याने ओटा सारवलेला. पेटी मात्र गढूळ.

"एका दिसानं काय व्हतंय," म्हणत त्याने नळाचं पाणी थेट पेटीत भरलं. काच अशी लख्ख झाली की तो स्वतःवरच खूश झाला.

सकाळी पेटीत पाहिलं. गोळा पांढराफटक! उचलला तर ओल्या कापसासारखा बोटांतून सुटला. चांगदेव मटकन खाली बसला. शेवाळ मेलं की आजवर त्याला समाधान वाटायचं. आज त्याला बघवेना.

"म्हातारं झालं, मेलं, आसं सांगा," ठकूबाई म्हणाली. "लेकराला काय कळतंय?"

एसटीतून उतरून श्रेया धावतच घरात आली आणि पेटीपाशी थबकली.

"आजोबा, काय झालं याला?"

ठकूबाई डोळ्यांनी खुणावत होती. चांगदेवने तिकडे पाहिलंच नाही.

"पावडरीच्या पाण्यानं मेला, पोरी. मीच वतलं."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"व्हतं की गं," तो कसाबसा म्हणाला. "सगळ्या गावात मला एकट्यालाच म्हाईत व्हतं."