अम्मीच्या हाताचा टी-शर्ट

नाशिकहून संभाजीनगरला जायचं ठरलं ते रुखसारच्या मेसेजमुळे. "ताई, आम्ही बंद करतोय. उरलेला माल बघायचा असेल तर या."

मला छोट्या लेबलांच्या टी-शर्टांचं वेड आहे. मॉलमधले नव्हेत. सोलमधल्या एका गल्लीतले, बँकॉकच्या दोन मैत्रिणींनी छापलेले, ढाक्याच्या कुणा चित्रकाराचे. ऑनलाइन शोधता शोधताच रुखसार आणि तिचा भाऊ आसिफ सापडले होते. ती चित्र काढायची, तो छापायचा. त्यांचा 'हात' नावाचा टी-शर्ट मी गळा सैल पडेपर्यंत वापरला. काळ्या कापडावर छापलेला, हिमरूचं नक्षीदार कापड विणणाऱ्या बाईचा हात, धोटा धरलेला, मनगटात दोन बांगड्या. हात त्यांच्या अम्मीचा. चित्र छापून झालं त्याच वर्षी त्या गेल्या.

सकाळची एसटी पकडली. येवल्यापर्यंत डुलकी, वैजापूरला चहा, दुपारी संभाजीनगर. स्टँडवरून रोशन गेटला शेअर रिक्षा मिळते, स्पेशल करू नका. त्यांचं वर्कशॉप म्हणजे घराचीच पुढची खोली. छपाईचं टेबल आधीच विकलं गेलं होतं, फरशीवर त्याच्या पायांचे चार पांढरे चौकोन उरले होते. आसिफनं कोपऱ्यावरून नान-खलिया आणला. खलिया झणझणीत होता, नान मऊ. पण तिघांपैकी कुणीच दुसरा नान घेतला नाही.

"झालं काय नेमकं?" मी विचारलं.

"काय नाय ताई," आसिफ म्हणाला. "ऑर्डरी थांबल्या. पहिलं वाटलं, सीझन नाय. मग वाटलं, आपलंच चुकतंय काहीतरी."

मला दुसऱ्या दिवशी अजिंठ्याला जायचं होतं. रुखसार म्हणाली, "मी पण येते. फर्दापूरला एक स्टॉलवाला म्हणलाय, उरलेले घेतो. पिशवी घेऊन जाऊ."

सिल्लोडमार्गे जळगावची एसटी घ्या, फर्दापूरच्या फाट्यावर उतरा. तीनेक तास धरून चाला. सोमवारी लेणी बंद असतात, हे आधी बघा. फाट्यावरच्या बाजारात स्फटिकाचे दगड, टोप्या, कीचेन आणि दोरीवर टी-शर्टच टी-शर्ट. त्यातला एक मला लांबूनच ओळखीचा वाटला. काळा. हात. धोटा.

"अगं, तुमचा इथं आधीच लागलाय!" मी आनंदानं ओरडले.

रुखसार पुढं गेली. तिनं कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं. मग बोट ठेवून दाखवलं. हाताला सहा बोटं होती. बांगड्या कातडीत वितळल्यासारख्या.

"हे कुणी काढलं?" तिनं स्टॉलवाल्याला विचारलं.

"काढतंय कोण आता? कंप्युटर काढतो म्हणतात. बाहेरून गठ्ठे येतात. लई चालतो हा."

"बोटं सहा आहेत."

तो हसला. "बोटं कोण मोजतंय, ताई?"

"माझ्या अम्मीचा हात आहे तो."

त्याचं हसू गेलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं स्टूल पुढं सरकवलं, पाणी दिलं. "मला काय ठावं, बेटा," म्हणाला. टी-शर्ट मात्र दोरीवरून काढला नाही.

मी परत फिरूया म्हणाले. रुखसारनं ऐकलं नाही. "एवढ्या लांबून आलात, बघून या. मी बसते इथं."

लेण्यांकडे जाणारी बस घेतली. अजिंठ्याबद्दल मी काहीही लिहू शकत नाही, माफ करा. अर्ध्या अंधारात भिंतीवरच्या प्रत्येक हाताची मी बोटं मोजत होते. पाच. पाच. पाच. पहारेकऱ्यानं विचारलं, बरं वाटत नाही का.

खाली आले तर रुखसारची पिशवी रिकामी. सगळे टी-शर्ट तिनं त्याच स्टॉलवाल्याला दिले होते, त्यानं सांगितलेल्या भावात. ते त्या दोरीच्या खालीच ढिगात पडले होते. वरचा ताजा, चकचकीत.

"का दिलेस?"

"घरी नेऊन काय करू? रोज बघू?"

परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून होती. घाट चढताना एकदाच बोलली. "ताई, मला वाटायचं लोकांना कळतं."

सकाळी निघण्याआधी निरोप घ्यायला गेले, तर आसिफ अंगणात छपाईच्या चौकटी धूत होता. जाळीवर औषध लावायचं आणि पाण्याचा जोरदार फवारा मारायचा, की चित्र निघून जातं. हाताची चौकट भिंतीला टेकवलेली होती.

"तेवढी तरी ठेव ना," मी म्हणाले.

"जाळी कोरी असली तरच विकत घेतात, ताई."

रुखसार दारातच उभी होती. तिनं अडवलं नाही. आधी बांगड्या गेल्या, मग धोटा, मग बोटं. हिरवट पाणी गटाराकडे वाहत गेलं. मी बस गाठली. वैजापूर कधी मागे पडलं ते कळलंही नाही.

घरी येऊन हे लिहायला बसले, तेव्हा रुखसारला फोन केला. ती आता चितेगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. आसिफ काम शोधतोय. म्हटलं, लेबलचं नाव टाकते, वाचून कुणीतरी मदतीला येईल.

"नको ताई," ती म्हणाली. "नाव टाकलं की लोक शोधतील. अन् त्यांना तो सहा बोटांचाच सापडेल."