झिपला लटकलेला पास

पनवेलच्या एसटी स्टँडबाहेर एक फेरीवाला परदेशातली जुनी जॅकेटं विकायचा. गिऱ्हाइकाला देण्याआधी प्रत्येकाची झिप वर-खाली करून बघायचा. मी निवडलेल्या जॅकेटच्या झिपला एक पास लटकत होता. त्यावर इटलीतल्या तीन दऱ्या आणि त्यांतल्या बर्फाच्या वाटांचा नकाशा होता.

"ह्ये काय हाय?" त्याने विचारलं.

मी सांगितलं, हा तिथल्या पाळण्याचा पास; लोक तारेवरच्या पाळण्यात बसून डोंगरावर जातात आणि मजा म्हणून बर्फावरून घसरत खाली येतात.

पास कापायला घेतलेली त्याची कात्री थांबली. "माजा भाऊ खदानीत घसरला. वर आनाया काय नवता. चादरीची झोली केली आमी."

जॅकेटची घडी घालून देताना त्याने विचारलं, "तुमी पन घसरायलाच चाललाव?"

मनालीची तिकिटं माझ्या खिशात होती. मी नाही म्हणालो.