अबू रागिबची तलाकाची शपथ

झर्का शहरात अबू रागिब मला पहिल्यांदा भेटला, तेव्हा मी गाडी घ्यायला गेलोच नव्हतो. त्याच्या जुन्या गाड्या विकायच्या आवाराबाहेर चपलेतला खडा काढत उभा होतो. त्याने मला मिठी मारली, माझ्या मेव्हण्याची खुशाली विचारली, वेलचीची कॉफी पाजली, आणि मी भानावर आलो तेव्हा माझ्या हातात एका पिवळ्या गाडीची किल्ली होती. त्याचा आवाज असा, की समोरच्या डोंगरावरच्या शेळ्याही किंमत ऐकून माना हलवत.

मिशी काळीकुळकुळीत, अर्थात रंगवलेली. जुन्या गाड्यांची मीटरंही तो याच मायेने तरुण करायचा. "गाडीलाही लाज असते रे," म्हणायचा.

पण शपथ मात्र कधी घ्यायचा नाही. "मीटरवरचा आकडा खरा का?" असं कुणी विचारलं की हात पसरून म्हणे, "आकडा तुमच्यासमोर आहे, बाबा."

एका शुक्रवारी गणिताचे फव्वाझ मास्तर गाडी घ्यायला आले आणि अडून बसले. "तलाकाची शपथ घे." म्हणजे आकडा खोटा निघाला तर बायको आपली नाही. आमच्या बाजारात ही शपथ लोक सहज घेतात. सगळं आवार बघत होतं. शेजारचा दलाल मुद्दाम खोकला. अबू रागिबने शपथ घेतली. त्या गाडीचं मीटर त्याने आदल्याच दिवशी मागे फिरवलं होतं.

बातमी त्याच्याआधी घरी पोचली. त्याने दार वाजवलं.

"कोण?" त्याची बायको उम्म रागिब आतून म्हणाली.

"मी."

"मी कोण? माझा नवरा दुपारपर्यंत होता."

रात्र त्याने पिवळ्या गाडीत, म्हणजे माझ्या गाडीत काढली. सकाळी मीच त्याला निवाडा विचारायला मशिदीतल्या शेखांकडे नेलं. शेखांनी विचारलं, "शपथ घेताना मनात काय होतं? तलाक?"

"नाही हो. गिऱ्हाईक."

शेखांनी कपाळ चोळलं. "मग तलाक झाला नाही, खोटी शपथ झाली. दहा गरिबांना जेवू घाल आणि गाडी परत घे."

त्याने खिडकीखाली उभं राहून हा निकाल ऐकवला. आतून उत्तर आलं, "शेखांनी सोडलं. मास्तरांनी सोडलं का?"

मास्तरांकडे गेलो. अबू रागिबने मान खाली घालून सगळं सांगितलं. मास्तर पांढरेफटक पडून पायरीवर बसले. गाडी त्यांनी आदल्या संध्याकाळीच बायकोच्या भावाला नफ्यात विकली होती. तीही तलाकाची शपथ घेऊन, म्हणजे त्याच्याच सख्ख्या बहिणीच्या तलाकाची.

"काय म्हणतायत ते?" आतून मास्तरीणबाईंनी विचारलं.

"चला," मास्तर पुटपुटले, "तुमचे ते शेख कुठे राहतात?"

संध्याकाळी गाडी आवारात परत आली. अबू रागिबने चुना कालवून प्रत्येक गाडीच्या काचेवर तिचा खरा आकडा लिहिला, मग घरी जाऊन दार वाजवलं. ते उघडलं. उम्म रागिबने त्याच्यापुढे मसुराचं सूप ठेवलं आणि म्हणाली, "मिशीचं काय?"

गिऱ्हाईकं काचा वाचायची, तोंडात बोटं घालायची आणि पलीकडच्या आवारात जायची. तिथे तेवढ्याच जुन्या गाड्या मीटरवर निम्म्याच पळालेल्या असत.

रमजानच्या आधी अबू रागिबचं आवार बंद झालं. तिथे आता टायर मिळतात.